वडिलांची उंची

१४ जुलै

नमस्कार.

मायना रिकामा सोडला आहे, राग मानू नका. 'महोदय' लिहिलं तर वीजबिलाची तक्रार वाटते आणि 'प्रिय' म्हणण्याइतकी आपली ओळख नाही. आपण एकदाच भेटलो, कोर्टाच्या जिन्यात, आणि 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' करत एकमेकांना वाट दिली. इकडे सगळे बरे आहोत. तुम्हीही बरे असाल.

पत्र तुमच्या मुलाविषयी आहे. घाबरू नका, तो आजारी नाही. चौदा पूर्ण झाली, पण वाढीचं नाव नाही. वर्गातल्या पोरांना मिसरूड फुटलं, आवाज घोगरे झाले, हा अजून पहिल्या बाकावर. घरी त्यावर अवाक्षर काढत नाही, पण खेळाच्या तासाला पोट दुखतं त्याचं. मी शिंपी. त्याच्या पँटीला वाढत्या अंगाची दुमड ठेवतो, ती दोन वर्षांत उसवावी लागलेली नाही. शेवटी त्याला डॉक्टरबाईंकडे नेलं.

उंची मोजली, वजन केलं. रक्त सकाळीच घेतलं, कारण ते वयात आणणारं हार्मोन म्हणे सकाळी जास्त असतं. पडद्याआड तपासणी झाली तेव्हा मी बाहेर पायपुसण्याकडे बघत उभा होतो. वयात यायला अजून सुरुवात नाही, असं बाई म्हणाल्या. मग डाव्या हाताचा एक्स-रे.

माझी हयात मापं घेण्यात गेली, पण असलं माप मी पाहिलं नव्हतं. उजेडाच्या पेटीवर त्याचा पंजा, नुसती हाडं, आणि हाडांच्या टोकाशी बारीक काळी फट.

"हाड इथून वाढतं," बाई म्हणाल्या. "फटी बुजल्या की वाढ थांबली."

त्यांनी एक जाड पुस्तक काढलं. त्यात पानोपानी मुलांचे पंजे, वयाप्रमाणे लावलेले. पानं उलटत त्या साडेअकराला थांबल्या. पोरगा चौदाचा, हाडं साडेअकराची! मी थक्क झालो. आतून कुणीतरी, शिवणीत सोडतात तशी, एवढी माया सोडून ठेवली होती आणि मी बाहेरून दुमडी बघत बसलो होतो. हाच हात धरून मी त्याला रस्ता ओलांडायला शिकवलं, आणि त्याच्या आत आपल्या वेळेने हे सगळं चाललेलं. हात जोडावेसे वाटले. जोडले नाहीत, पोरगा लाजला असता.

"आता आईवडिलांची उंची. वडील, या असे भिंतीला."

मी चपला काढून उभा राहिलो. टाचा टेकवून, मान ताठ करून. फळी डोक्यावर आली, नर्सने आकडा सांगितला. आईची उंची मी तोंडी सांगितली. बाईंनी त्यावरून तक्त्यात रेघ ओढली, हा साधारण इथवर जाईल म्हणून. मी चांगला उंच आहे. रेघही छान वर गेली. देवाशपथ सांगतो, माझ्या काही लक्षातच आलं नाही.

त्याच्या आलं होतं. जिन्यात म्हणाला, "आता परत जाऊन सांगणार का?"

"सांगावं लागेल रे."

"कशाला? मला तुमची चालेल."

त्याच्या आईशी लग्न केल्यापासूनच्या आठ वर्षांत एवढं कुणी मला दिलेलं नाही. नाक पुसलं आणि परत वर गेलो, कारण औषध त्या रेघेवर ठरायचं होतं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, काही घराण्यांत मुलं उशिराच वाढतात. जन्मदाते वडील तसे असतील तर बहुतेक थांबूनच बघू. नसतील तर आणखी तपासण्या, मग इंजेक्शनांचा विचार.

तेव्हा तुमची उंची कळवा. शिवाय एकदम कधी वाढलात, आवाज कधी फुटला, दाढी पहिल्यांदा कधी केली, तेही. त्याच्या आईला विचारून झालं. ती भेटली तेव्हा तुम्हाला मिशा होत्या म्हणे.

हे पत्र आठवडाभर टाळलं. तुमचं उत्तर आलं की तो पाकिटावरचा पत्ता वाचेल, आणि मग मला विचारेल, जाऊ का म्हणून. त्याची मला भीती वाटते. तरी पत्ता नीट, वाचता येईल असा लिहा.

आकडा बरा दिसावा म्हणून वाढवू नका. जे असेल ते लिहा. पण तुम्ही उशिरा वाढला असाल अशी मी रोज आशा करतो. तेवढं एक त्याला तुमच्याकडून मिळालेलं असू दे. बाकीचं मी बघतो.

तुमच्या मुलाचा बाप