बियाण्याचा डबा

माण, ता. मुळशी
रविवार, १० ऑगस्ट २०२५

ती. आक्कास धाकट्या हैबतचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राची सुरुवात खुशालीनं करावी म्हणतात. तर इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे दोन वेळा जेवतो आणि एकदाच भांडतो. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा दमा पावसाळ्यात उचल खातो, त्यांना ओट्यावर वाऱ्यात बसू देऊ नकोस. निरंजनला मुलगी झाल्याचं कळलं. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. लेकरू कुणावर गेलंय ते मात्र कुणी सांगितलं नाही.

फोन करणार होतो. पण माझा नंबर दिसला की तू फोन उपडा घालतेस, हे मला ठाऊक आहे. मीही तेच केलं असतं. पत्र निदान हातात तरी घ्यावं लागतं.

बातमी अशी, की तुझा भाऊ नोकरीला लागला. हसू नकोस. वय वर्षं चौपन्न, आणि परवाच्या सात तारखेला जन्मातला पहिला पगार खात्यात आला. एकोणीस हजार दोनशे. लवळ्याच्या टेकडीवर ती कॉलेजं आहेत ना, तिथल्या एका हॉस्टेलच्या मेसची कोठी माझ्याकडे आहे. तांदूळ, डाळी, तेलाचे डबे, सगळं माझ्या किल्लीत. सकाळी साडेपाचला आचारी दारात उभा राहतो आणि मी त्याला दिवसाचा शिधा तोलून देतो. साडेचारशे पोरं, माणशी साठ ग्रॅम डाळ. काटा सत्तावीस किलोवर थांबला की माझा हात थांबला पाहिजे. आपल्या पोराच्या, इंद्रजितच्या लग्नात चार हजार पान उठवलं मी, आक्का. किती शिजलं आणि किती उकिरड्यावर गेलं, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. आता दोन किलोचा फरक आला तर माझ्या पोराच्या वयाचा मॅनेजर म्हणतो, "काका, थोडा ध्यान दो." आणि मी ध्यान देतो.

पाय फार दुखतात. घरी येऊन बसलो की उठवत नाही. तुझी भावजय म्हणते, पोती उचलून दमला असाल. पोती हमाल उचलतो, मी नुसता उभा असतो. तरी दमतो. कशानं, ते तिला सांगता येत नाही.

तू म्हणशील, खोल्यांचं भाडं येतं की, नोकरी कशाला? त्या बारा खोल्या कर्जावर बांधल्या. भाडं जमा झालं की बँक परस्पर उचलते, अजून सहा वर्षं उचलणार. आयटीतली पोरं माझ्या घरात राहतात, भाडं बँकेला जातं, मी फक्त जिना झाडतो. गाडी केव्हाच विकली. वर्षात दाम दुप्पट करून देणारा जो गेला, तो कुठं गेला हे पोलिसांनाही सापडलं नाही. नाकापेक्षा मोती जड झाला की नाकाचं काय होतं, ते बघायचं असेल तर आमच्या घरी यावं.

तर पत्राचं कारण. हा पगार वाटायचा कसा? माझ्या हातात पैसा कायम पोत्यानं आला आणि पोत्यानं गेला, महिन्याच्या मापानं कधी आलाच नाही. माझी लेक अपेक्षा, तू यायची बंद झालीस तेव्हा पंधरा वर्षांची होती, आता कंपनीत हिशेबाच्या खात्यात आहे. ती म्हणाली, "पप्पा, सोपं आहे. निम्मा गरजांना, तीस टक्के हौसेला आणि वीस टक्के बचत आणि गुंतवणुकीला."

मी म्हटलं, "पोरी, माजी हौस समदी फिटली. त्ये तीस टक्के कुटं टाकू सांग."

ती हसली नाही. म्हणाली, "मग आत्याला विचारा. पैसा कळतो तर तिलाच, असं तुम्हीच म्हणता."

म्हणतो खरा. दाजी पिरंगुटच्या कंपनीत होते तेव्हा पगाराच्या दिवशी तू जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचीस आणि नोटांचे तीन ढीग करायचीस. मग तीन डबे. खायचं, ठेवायचं, पेरायचं. आई भाताचं करायची तेच तू पगाराचं केलंस. तिच्याही तीन कणग्या होत्या. संपूर्ण आषाढ आम्ही अर्धपोटी काढला तरी तिसरीतलं बी ती काढायची नाही. "बी खाल्लं त्यानं घर खाल्लं" म्हणायची. तुझ्या तिसऱ्या डब्यातून म्हैस आली, मग शिलाई मशीन आलं, मग निरंजनचं आयटीआय झालं. आणि मी एकदा गाडीची किल्ली फिरवत तुझ्या घरी आलो आणि त्या कागदावर पाचशेचं बंडल टाकून म्हणालो, "घे, कर ह्याच्या बी वाटण्या." भातातला खडा काढावा तसं तू ते बंडल बाजूला सारलंस आणि मोजत राहिलीस.

कुठल्या डब्यात किती टाकू, एवढंच कळव. जमलं तर. काल राखीपौर्णिमा झाली. तसं काही नाही, सहज आठवलं.

दाजींना नमस्कार, बाळाला पापा.

तुझा भाऊ
हैबतराव

•

मुठा
२५ आगस्ट

हैबत,
पाकीट मिळालं. पगार आला की आदी तिसऱ्या डब्यात टाक, मग दुसऱ्या, मग जे ऱ्हाईल त्ये खा. खाऊन उरलं तर टाकीन म्हनशील तर जलमात उरायचं न्हाई. तिसऱ्याला हात लावू नको. पाय दुकत्यात तर कोमट पान्यात मीठ टाकून ठेव.
लेकरू तुज्या-माज्या आईवर गेलंय. जास्त लिवत न्हाई.
तुळजा

•

माण
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ती. आक्का,

तुझं कार्ड कोठीत काट्याच्या वरच्या भिंतीला लावलंय. आचारी बिहारचा आहे, त्याला मराठी येत नाही, तरी त्यानं विचारलं की कुणाचं पत्र. "मेरी बहन का," म्हटलं. नऊ वर्षांत हे वाक्य मी बोललो नव्हतो.

मीठपाण्यानं बरं वाटतं. लेकरू आईवर गेलंय हे वाचून तुझ्या भावजयीला ऐकवलं, तर ती पदर तोंडाला लावून आत गेली.

तू सांगितलंस तसं केलं. तीन डबे आणले. ऑगस्टच्या पगारातले दोन हजार कार्ड आलं त्याच दिवशी तिसऱ्यात टाकले. सात तारखेला पगार काढला की आधी तिसऱ्यात दोन हजार. मग दुसऱ्यात बाराशे, आजारपणाला आणि अडीनडीला. राहिलेल्या सोळा हजारांत किराणा, वीज, गॅस, माझं पेट्रोल. सप्टेंबरात पंचवीस तारखेलाच खायचा डबा वाजायला लागला. पुढच्या पगारापर्यंत पिठलं खाल्लं. मी उठून तीन वेळा तिसऱ्या डब्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. या महिन्यात तिसरे दोन हजार पडले. सहा हजार झाले.

अपेक्षा म्हणाली, "पप्पा, ते नुसते डब्यात कशाला ठेवलेत? म्युच्युअल फंडात टाकू या, वाढतील तरी."

मी म्हटलं, "त्ये माजं न्हाई."

"मग कुणाचं?"

ते कुणाचं, हे पहिल्या पत्रात तुलाही लिहिलं नव्हतं. सगळं पत्र मी पाय आणि डाळ यांवर काढलं. आता लिहितो. हे पत्र निरंजनकडून वाचून घेऊ नकोस, तू स्वतः वाच. तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, सातवी तू पास झालीस, मी नाही.

दोन हजार अकरा साली तुला मी पौडला रजिस्टर ऑफिसात बोलावलं, हक्कसोडपत्रावर सहीला. तू पहिल्या एस्टीनं आलीस. हिरवी साडी होती, नवी, भावाचं काम म्हणून नेसलेली. मी तुला मिसळ खायला घातली. बाकावर बसून कागद हातात घेऊन तू विचारलंस, "काय लिवलंय रं ह्यात?" मी म्हणालो, "वाचायचं काय त्यात? सख्ख्या भावावर इस्वास न्हाई व्हय?" आत साहेबानंही विचारलं, "बाई, वाचलंत का? समजलं का?" आणि तू म्हणालीस, "माजा भाऊ हाय."

मी तुला सांगितलं होतं, आपल्या आबांनी मागे ठेवलेल्या तीस गुंठे जमिनीचे सगळे मिळून छत्तीस लाख येतील आणि त्यातले निम्मे त्यांच्या देण्यात जातील. आबांचं देणं नव्हतंच. व्यवहार एक कोटी वीस लाखांचा झाला होता. इसाराचा चेक, तू सही करत होतीस तेव्हा, माझ्या शर्टाच्या खिशात होता. तुला मी दोन लाख आणि एक साडी दिली आणि वर गावात सांगितलं की बहिणीला तोडलं नाही.

हे तुला पाच वर्षांनी पिरंगुटला एका साखरपुड्यात कळलं, ज्यानं व्यवहार जमवला त्या एजंटाच्याच तोंडून, जेवणाच्या पंगतीत. त्या दिवाळीत भाऊबीजेला तू आलीस. मला वाटलं, तमाशा करणार. तू नेहमीसारखं ओवाळलंस. मी ताटात पाच हजार टाकले. तू ते उचलून माझ्या पाटावर ठेवलेस आणि चपला घातल्यास. भावजय म्हणाली, "आक्का, जेवून तरी जावा." तू म्हणालीस, "प्वाट भरलं." त्यानंतर तू आली नाहीस.

निरंजन केस घालणार होता आणि तू त्याला अडवलंस, हेही मला कळलं होतं. तुझे उपकार मानायचे सोडून मी नऊ वर्षं भावकीत सांगत फिरलो की आक्काला पोराच्या पगाराचा माज आलाय. तेही खोटं, आणि तेच मला जास्त लागतं. पैसा गेला तो हव्यासानं गेला. हे मात्र मी नुसतं तुझ्यासमोर उभं राहायला नको म्हणून बोलत होतो.

हिशेब केला. निम्मे तुझे, साठ लाख. दिलेले दोन वजा जाता अठ्ठावन्न. महिन्याला दोन हजारांनी दोनशे एक्केचाळीस वर्षं आणि आठ महिने. व्याज धरलेलं नाही. मोबाईलवर आकडा आला तेव्हा मी एकटाच कोठीत बसून हसलो, आणि मग हसू थांबलं. फिटणार नाही, हे मला कळतं. आईचं बी होतं ते, आक्का. माझ्या वाटचं खाल्लं ते खाल्लं, तुझ्या वाटचंही मीच खाल्लं. पण माझ्या हातात आता जे आहे ते एवढंच आहे, आणि त्यातून आधी तिसरा डबा, असं तूच लिहिलंस.

बुधवारी सुट्टी होती. पौडच्या पोस्टात गेलो. म्हटलं, बहिणीच्या नावानं दरमहा दोन हजारांचं रिकरिंग खातं काढायचं. काउंटरवरची बाई म्हणाली, "त्यांना आणलंय का?"

म्हटलं, "न्हाई. पैसं मी भरनार हाय."

"भरा की. पण खातं त्यांचं, तर सही त्यांचीच लागणार. त्यांच्या सहीशिवाय हे पैसे त्यांचे होत नाहीत, काका."

मी फॉर्म घेतला आणि बाहेरच्या पायरीवर बराच वेळ बसलो. उठवेना. तेच गाव, तोच रस्ता, आणि पुन्हा मला तुझी सहीच पाहिजे.

फॉर्म या पाकिटात आहे. तुझं नाव, पत्ता, रक्कम, पाच वर्षांची मुदत, एवढं मी भरलंय. वारसाची जागा कोरी ठेवली आहे, तिथं नातीचं नाव घाल. माझं नाव कुठंही नाही, शोधून बघ. दोन फोटो आणि आधारची झेरॉक्स लागेल. सहा हजार डब्यात तसेच आहेत. पासबुक तुझ्याकडेच राहील. दर महिन्याच्या आठ तारखेला भरणा होईल. ज्या महिन्यात झाला नाही, त्या महिन्यात हैबत आजारी आहे नाहीतर गेला असं समज. डबा फोडला असं समजू नकोस.

मला माफी नको, असं लिहिलं होतं. पण या पत्रात खोटं लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून खोडलं. वर दिसेल खोडलेलं. मला माफी पाहिजे. तू पाहिजेस. पाट मांडला की समोर तू पाहिजेस. भाऊबीज येत्या तेवीसला आहे. ये म्हणायला मला तोंड नाही, म्हणून म्हणत नाही.

फॉर्मवर खाली दोन ठिकाणी पेन्सिलनं फुली मारली आहे, तिथं सही लागते. पण आधी चष्मा लाव, आक्का. पाठपोट सगळं वाच, बारीक अक्षरातलंसुद्धा. कळलं नाही ते निरंजनला विचार, पोस्टात जाऊन विचार, मला विचारू नकोस. आणि वाचून झाल्यावर वाटलं तरच सही कर.

तुझा
हैबत