आई, यंदा डोंगरावर जाऊ नकोस

सोनीपत,
मंगळवार, दुपार

प्रिय आई,

पाकीट बघून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे, खांदा दुखत नाही, जेवण वेळेवर होतं आणि माझं कुठे परस्पर लग्नही ठरलेलं नाही. फोन असताना ही पोरगी पत्र कशाला लिहिते, असं तुझ्या मनात आलंच असेल. त्याचं कारण तूच आहेस. फोनवर मी बालेवाडीचा विषय काढला रे काढला, की तुझी कुठली तरी शेळी सुटते. दादाला विचारलं, तर तो म्हणाला, "शेळ्या गोठ्यात रवंथ करत्यात, आईच सुटलीया." म्हणून हे पत्र. बचत गटाच्या वर्गात गिरवलेली अक्षरं आता चांगली लागतात ना? तुझ्यासाठी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे. कुठे अडलं तर पल्लवीवहिनीला विचार, पण सगळं पत्र तिच्याकडून वाचून घेऊ नकोस. ती रडायला लागली की ओळी गाळते.

इथे शिबिरात सगळं ठीक चाललं आहे. सकाळी पराठे मिळतात, त्यावर तुपाचा गोळा, आणि आचारी अजूनही मला विचारतो की तुम्ही महाराष्ट्रातले लोक भातावर जगता कसे. माझ्या खोलीत हेमलता आहे, ती नागपूरकडची. मागच्या रविवारी आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात घुसून पिठलं केलं. गुठळ्या झाल्या, तरी बाकीच्या पोरींनी कढई चाटूनपुसून संपवली. पोरी म्हणजे खरोखर पोरी आहेत गं, सतरा-अठरा वर्षांच्या. मला दीदी म्हणतात, पाया पडतात आणि मग मैदानावर माझ्यापेक्षा जास्त गुण मारून दाखवतात. मला एकतिसावं लागलं, हे त्या मला विसरू देत नाहीत. पुढच्या महिन्यात बालेवाडीला निवड चाचणी आहे, हे तुला दादाने सांगितलं असेलच. त्यातून आशियाई स्पर्धेचा संघ ठरणार. माझं नाव आलं तर उत्तमच. नाही आलं, तर मी पुन्हा सोनीपतला यायची नाही, असं अण्णासाहेबांना सांगून टाकलं आहे. मग बावधनच्या तिरंदाजी केंद्रात त्यांच्याबरोबर लहान मुलांना शिकवीन. ते म्हणाले, ये, मलाही कुणावर तरी ओरडायला हवंच आहे.

त्यांच्या ओरडण्याची सवय मला सातवीपासूनची. मुठ्याच्या शाळेत ते बांबूची धनुष्यं घेऊन आले, तेव्हा मला खेळाची ओढ वगैरे काही नव्हती. सरावाला थांबणाऱ्यांना उकडलेलं अंडं मिळायचं, एवढंच मला दिसत होतं. घरी येऊन सांगितलं, तर तू म्हणालीस, "पोरी, धनुष्य घिऊन कुटं वनवासाला निगालीस?" आणि दुसऱ्याच दिवशी मेंढरं कातरून उरलेली भरड लोकर पोत्यात ठासून मला घरामागे निशाण करून दिलंस. त्या लोकरीत शिरलेला बाण निघता निघायचा नाही. तू पाय रोवून ओढायचीस आणि बाणासकट मागे आपटायचीस. पुढे बावधनला जायला लागले, तेव्हा पहाटेच्या गाडीचा कंडक्टर माझी लांबलचक पिशवी बघून रोज विचारायचा, "ह्या बांबूचं तिकीट कोन काडनार?" माझ्या पहिल्या पदकाची बातमी छापून आली, तेव्हा तिचं कात्रण त्यानेच ड्रायव्हरच्या मागे चिकटवलं होतं. म्हणजे माणूस वाईट नव्हता.

त्यानंतर मी किती गावं पाहिली, आई! कोरियात सकाळच्या न्याहारीला आंबवलेला कोबी खाल्ला. मेक्सिकोत शेवटच्या एका बाणावर, गव्हाच्या दाण्याएवढ्या फरकाने हरले आणि खोलीवर येऊन उशीत तोंड खुपसून रडले. शांघायला सांघिक रौप्य मिळालं, तेव्हा आम्ही तिघी नाचलो ते कुणीतरी चित्रित करून ठेवलंय, ते तू बघू नयेस अशी माझी इच्छा आहे. पण तुर्कस्तानाइतकी मजा कुठेच आली नाही. मैदानामागच्या माळावर मेंढरं चरत होती. मी तुझ्यासारखी जीभ टाळूला लावून हाळी दिली, तर चार-पाच मेंढरं चक्क वळून माझ्याकडे यायला लागली. त्यांचा धनी हसत हसत मागून आला आणि त्याने माझ्या ओंजळीत बदाम ओतले. त्याच दुपारी मला एकटीला कांस्य मिळालं. रात्री मी तुला पदकाचं सांगायला फोन केला आणि तू विचारलंस, मेंढरं कशी व्हती? शेपटीच्या जागी ताटाएवढा चरबीचा गोळा लोंबतो, असं म्हटल्यावर तू म्हणालीस, "कायबी सांगतीस, लई शिकली म्हून." फोटो पाठवला तरी तुझा विश्वास बसला नाही. पदकावर मात्र लगेच बसला.

ते पदक आपल्या गावाने बिरोबाच्या देवळापुढे पडदा लावून पाहिलं. फार्महाऊसवाले पुणेकरसुद्धा खुर्च्या घेऊन आले होते म्हणे. माझी स्पर्धा दाखवायची असली की आधी गावात एकच चौकशी होते, तुकाबाई डोंगरावर गेली का? गेली म्हटल्यावर मग पडदा सुरू. तू आपली शेळ्या घेऊन पलीकडच्या उतारावर, जिथे मोबाईललाही रेंज नाही. मी जिंकले की दादा खालून टॉवेल हलवतो, हरले की नुसताच जेवायला हाक मारतो. पंचायतीने माझा सत्कार केला, तेव्हा सरपंच माईकवर म्हणाले, "निम्मं पदक नंदाचं, निम्मं तुकाबाईंचं. त्या बगत न्हाईत, म्हून तर मिळतंय." मांडव हसला. तू पदर तोंडाला लावून हसलीस, मीही हसले. घरी जाताना ओढ्यापाशी तू हळूच म्हणालीस, "खरंच हाय ते." तेव्हापासून मला त्याचं हसू येत नाही.

कारण ते खरं नाही. तू माझी स्पर्धा बघायला आलीस, त्या एकाच दिवशी काय झालं ते मी तुला पुन्हा सांगते, कारण फोनवर तू पुरतं ऐकून घेत नाहीस. तेव्हाही बालेवाडीच होतं. माझी पहिली मोठी राष्ट्रीय स्पर्धा आणि तू पहिल्यांदाच मैदानावर आलेली, हिरवं लुगडं नेसून, फडक्यात भाकरी बांधून, सगळ्यात वरच्या पायरीवर. शेवटच्या बाणाला मला साधे सात गुण पुरे होते. बाण सुटला तो इतका सुरेख की पिवळ्या गोलाच्या अगदी मधोमध बसला. फक्त तो गोल शेजारच्या मुलीचा होता. त्या बाणाला मी पाय रोवतानाच निशाणाच्या चुकीच्या आकड्यासमोर रोवले होते. दुसऱ्याच्या निशाणावर दहा म्हणजे आपल्याला शून्य. अण्णासाहेबांनी कपाळाला हात लावला आणि मग तेच हसायला लागले. असं एकदाही न झालेली मुलगी या शिबिरात शोधून सापडायची नाही. हेमलताचं तर टीव्हीवर झालं. पण मी वळून पाहिलं, तेव्हा तुझी पायरी रिकामी होती. दादालाही न सांगता तू गाडीत बसून घरी गेली होतीस.

त्या संध्याकाळी तू माझ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळल्यास. आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, असं पुटपुटत शेवटी आवाज आणखी खाली नेऊन म्हणालीस, "आन् माजी." तुला वाटलं, मला ऐकू आलं नाही. आई, दृष्ट काढणाऱ्या आया मी खूप पाहिल्या, स्वतःचीच दृष्ट काढणारी तू एकटीच. आणि एक सांगू का? मिरच्या चुलीत टाकल्यावर ठसका आला नाही तर दृष्ट लागलेली असते, हा नियम तूच मला शिकवलास. त्या दिवशी असा ठसका उठला की दादा खोकत खोकत अंगणात पळाला आणि कोंबड्यासुद्धा घर सोडून गेल्या. म्हणजे तुझ्याच नियमाने दृष्ट नव्हती. पण तो ठसका ऐकलाच नाही, असं तू दाखवलंस.

मला पुष्कळ दिवस वाटायचं की त्या एका बाणाने तुला डोंगरावर पाठवलं. तसं नाही, हे मला उशिरा कळलं. आबा गेले, तुझं कुंकू गेलं, तेव्हा मी पाळण्यात होते. त्या वेळी चुलती तुला काय म्हणाली, ते तू मला कधीच सांगितलं नाहीस. पल्लवीवहिनीला ते शेजारणीने सांगितलं आणि वहिनीने मला. पांढऱ्या पायाची. मी ते शब्द इथे लिहिले, कारण एकदा कागदावर बघ कसे दिसतात. दोन शब्द लिहायला फारशी शाईसुद्धा लागत नाही, आणि त्यांच्यावर तू अख्खं आयुष्य काढलंस. दादाच्या लग्नात तुझ्या सुनेने माप ओलांडलं, तेव्हा उंबऱ्यात चुलती उभी होती आणि तू मागे, भाताच्या तपेल्यापाशी. हळदीला तू नसायचीस, ओटी भरायला नसायचीस. तुला कुणी हाकलायचंही नाही, तू आपणहून काहीतरी काम काढून निघून जायचीस. मला ती तुझी कामसू खोड वाटायची. बाण तर त्या शब्दांच्या कितीतरी नंतरचा. मला त्याचा राग येतो, आई. चुलतीचा येतो, गावाचा येतो आणि थोडासा तुझाही येतो.

आता आनंदाचं. दादाच्या धाकट्या अपूर्वाच्या बारशाला मी होते, हे बरं झालं, नाहीतर मला कुणी सांगून खरं वाटलं नसतं. बायका जमल्या, चुलती पदर खोचून पुढे झाली आणि आपली ही मुळूमुळू रडणारी पल्लवीवहिनी भर घरात म्हणाली, "पोरीला पाळण्यात माज्या सासूबाईच घालतील. न्हाईतर ती आज मांडीवरच झोपंल." तू तेव्हाही शेळी सुटली म्हणून पाहिलंस, पण दादा दारात पाय पसरून बसला होता. मग तू पोरीला घेतलंस. ती तुझ्या बोटाला धरून खुशाल जांभई देत होती. आत्या म्हणून मी तिच्या कानात नाव सांगितलं, पण माझं सगळं लक्ष तुझ्याकडे होतं. काय झालं त्या पोरीला? लोण्याच्या गोळ्यासारखी झाली आहे आणि रात्रभर हसत-खिदळत अख्ख्या घराला जागं ठेवते. तुझ्या नजरेत काही असतं, तर निदान थोडी मलूल तरी झाली असती.

आता मुद्द्याचं सांगते, आणि हे वाचून होईपर्यंत उठायचं नाही. आमचं निशाण सत्तर मीटरवर असतं. बाण कुठे बसला, ते तिरंदाजाला नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाही. म्हणून त्याच्या पाठीशी एक चौकट आखलेली असते आणि तिच्यात एक माणूस दुर्बीण घेऊन उभं राहतं. पिवळ्यात गेला, तांबड्यात गेला, डावीकडे झुकला, एवढंच ते सांगतं आणि त्यावर आम्ही पुढचा बाण सोडतो. आजवर तिथे अण्णासाहेब उभे राहिले. या चाचणीत तिथे कोण असेल, त्याचं नाव ज्याने त्याने कळवायचं होतं. मी कळवलं आहे, तुकाबाई सावळा मरगळे. अण्णासाहेबांना विचारूनच. ते म्हणाले, रंग ओळखता येतात ना, मग झालं. दादा तुला गाडीवरून घेऊन येईल आणि शेळ्या वहिनी बघेल, ते ठरलं आहे. तू म्हणशील, एवढी निवड होऊ दे, मग पुढच्या बारीला येते. पण पुढची बारी कदाचित नाही, आई, आणि म्हणूनच मला तू याच वेळी हवी आहेस. मी जिंकले तर गाव म्हणेल, तुकाबाईची नजर सुधारली. हरले तर म्हणेल, आमी सांगतच व्हतो. म्हणू दे. तू न बघता मिळालेली पदकं मला पुष्कळ झाली. तुझ्या डोळ्यांदेखत हरायची माझी तयारी आहे. तू डोंगरावर असताना जिंकायची आता नाही. बाण सुटला की मी मागे वळेन आणि तुला विचारेन, कुठं लागला? तिथे दुसरं कुणीही असणार नाही. तू बघितलं नाहीस, तर मला ते कळायचंच नाही.

तुझीच,
नंदा