अप्पांसाठी राखेचा रॅम्प

५ नोव्हेंबर
आजपासून सिमेंट बंद. किळस आली आहे त्या सिमेंटची. एक पोतं बनवताना हवेत केवढा कार्बन जातो! व्हिडिओ पाहून जेवण गेलं नाही.
अप्पांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, लवकरच व्हीलचेअरवर घरी येतील. दारात पायऱ्या. रॅम्प पाहिजे. धाकटा भाऊ बसवराज म्हणाला, सिमेंट पाठवतो, गवंडीपण पाठवतो. दुकानच आहे ना त्याचं! पण अप्पांनी सांगितलंय, राहीन तर थोरल्याकडेच. मग रॅम्पही थोरल्याचाच. लो-कार्बन.

७ नोव्हेंबर
साखर कारखान्यात मी स्टोअरला. बॉयलरमागे बगॅसच्या, म्हणजे जळलेल्या उसाच्या चिपाडांच्या, राखेचा डोंगर. लोक नाक दाबून जातात. अडाणी! टेम्पो भरून आणली.
शिवलीला म्हणते शेंगा चटणीत राख आली. हिच्याशी संसार करणं म्हणजे शिक्षा आहे.

९ नोव्हेंबर, सकाळी
खोकला. नाकातून काळं. शी!
व्हिडिओतला इंजिनिअर म्हणतो, सिमेंटचा पाचवा हिस्सा काढून तिथे राख घाला. घाबरट. मी उलटं करणार. राख चार भाग, सिमेंट एक. तेवढं सिमेंट लांबच्या दुकानातून आणलं, तोंडाला रुमाल बांधून. बसवराजला कळता कामा नये.

११ नोव्हेंबर
मास्टरस्ट्रोक. पूर्वी चुन्यात गूळ घालून भिंती बांधायचे, अजून उभ्या आहेत. आपण सिमेंटात घालू. चुना काय अन् सिमेंट काय, फरक किरकोळ. उसाच्या जिल्ह्यात राहून एवढं कुणाला सुचू नये! लाज वाटते या गावाची.
हुग्गीच्या खिरीसाठी आणलेली गुळाची अख्खी ढेप वितळवली. शिवलीला बोलत नाही. बरंच आहे, काम होतं.
दुपारी ओतला. रंग झकास, चॉकलेटी.

१४ नोव्हेंबर
बोट आत जातं. थंडीमुळे असणार.
मुंग्या. लई मुंग्या. दुर्लक्ष करायचं ठरवलं.

१६ नोव्हेंबर
माश्या. वास. ओकारी आली. शेजारच्या बिरप्पाची गाय अर्धा तास रॅम्प चाटत उभी. हाकलली तर बिरप्पाच माझ्यावर खेकसला, मुक्या जनावराला खाऊ दे की म्हणाला. जीभ फिरली तिथे खड्डा. एकेकाची कमाल आहे!

१८ नोव्हेंबर
अप्पांना उद्या सोडणार. फोनवर विचारत होते, रॅम्प झाला का रे गुरुलिंगा. म्हटलं व्हय, दगडासारखा हाय. आज रात्रीत आवळेलच.
शिवलीलाची इस्त्री फिरवून पाहिली. पाक सुटला. इस्त्री बाद.

१९ नोव्हेंबर
लिहावंसं वाटत नाही.
खुर्चीची पुढची चाकं रुतली. मी मागून जोर लावला, मागचीही गेली. अप्पा तिथेच, भर गल्लीत, कलते. मुंग्या त्यांच्या पायांवर. मी म्हटलं, जरा धीर धरा, अजून क्युअरिंग चालू आहे, आवळतोय. अप्पांचे डोळे भरले. दुखतंय म्हणाले. चार पायऱ्या उचलून न्यायला डॉक्टरांनी बजावून मनाई केलेली. दवाखान्यातून सोबत आलेल्या बसवराजने खुर्ची ओढून काढली, गाडी बोलावली. अप्पा माझ्याकडे न बघता त्याला म्हणाले, तुझ्याकडं चल.
रात्री माझे चिकट पाय घासून घासून धुतले. जात नाही.

२० नोव्हेंबर
चूक मिक्सची नाही, गुळाची आहे. हल्ली भेसळ फार. उद्या गूळवाल्याला पत्र लिहून...

संध्याकाळी
बसवराजचा टेम्पो आला. अप्पांची खाट, गादी, पूजेची पेटी. अप्पांनीच सांगून पाठवलं होतं. मी खाटेची एक बाजू धरली. दुसरी बसवराजने. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
शिवलीलाने विचारलं, अप्पांच्या खोलीत आता काय ठेवायचं.
मला रडू आलं. म्हटलं, उरलेली राख.