देवीनं धरलेली पोरगी

आप्पा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आज तुमच्या अकलेची कीव आली म्हणून लिहायला बसले. या वयात माझं जेवण पुन्हा सुटलंय. नवऱ्यानं धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, हा हट्ट नाही आणि भक्तीही नाही, आजार आहे. मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं, खाण्या-न खाण्याचा त्याच्यावर परिणाम होतो. इतर माणसं भुकेनं कासावीस होतात, पण काहींच्या डोक्यात उलटाच कारभार असतो. खाल्लं की जीव घाबरा होतो, पोट रिकामं ठेवलं की शांत वाटतं. हे नेमकं कसं होतं ते अजून पुरतं कळलेलं नाही, असंही त्या म्हणाल्या. 'कळलेलं नाही' हे शब्द तुमच्या तोंडून मी जन्मात ऐकले नाहीत.

तुम्हाला सगळंच कळायचं. लहानपणी एका वर्षी नवरात्राचा उपास मी धरला, घट उठले, तरी माझा उपास काही सुटेना. शहापुरातल्या आपल्या घरात, मागांच्या खडखडाटात आई ओरडून सांगतेय, "पोरीच्या हातापायाच्या काड्या झाल्यात, दवाखान्यात दावा की तिला." आणि तुम्ही तुटलेला धागा जोडता जोडता म्हणताय, "गप गं. देवीनं धरलीया तिला. तुला न्हाय कळायचं." मग मागावर नवा बीम, ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, चढला की पहिलं हळदकुंकू माझ्या हातचं, म्हणजे म्हणे सूत तुटत नाही. गल्लीतले बाकीचे विणकरही बोलवायला लागले आणि तुम्ही मला मिरवत न्यायला लागलात. अशाच एका बीमापुढं मी ताटासकट कोसळले. भुकेची साधी चक्कर होती. तुम्ही म्हणालात, अंगात आलं. कापूर लावलात, बायकांना माझी ओटी भरायला लावलीत. आईनं गर्दीत घुसून माझ्या तोंडात साखरपाणी ओतलं, तर उपास मोडला म्हणून तिच्याच अंगावर धावलात. असा शहाणा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही.

आजार रसायनाचा असेल, पण त्याला नैवेद्य तुम्ही दाखवलात.

डॉक्टरीणबाईंनी वेळच्या वेळी जेवायला सांगितलंय, नाहीतर हृदयाला धोका आहे म्हणाल्या. समोरची भाकरी निवून गेलीय. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून सांगते. तुम्ही माझं कौतुक केलंत ते फक्त त्याच वर्षी. ताट बाजूला सारलं की तुमचा तो खूश चेहरा अजून दिसतो, आणि मला तो अजूनही हवा आहे.