ओशोडीचे आकडे

३ फेब्रुवारी १९९४, ब्रिस्टल
मार्टिन – आमचा मॅनेजर – आज सरळच म्हणाला, बसस्टँड गाळून टाक. नायजेरियात, लेगॉसमध्ये हवा तपासायची आमची दोन मशिनं आहेत. एक ओशोडीच्या बसस्टँडवर, एक युनिव्हर्सिटीच्या झाडीत. बसस्टँडच्या हवेत शिसं इतकं, की मी आकडे पुन्हा पुन्हा तपासले. सगळं पेट्रोलमधून येणारं! मार्टिन म्हणे, मशीन बिघडलं असणार, रिपोर्टमध्ये कॅम्पसचेच आकडे घाल. मशीन ठणठणीत आहे. मला माहीत आहे. त्यालाही.
मी ‘ओके’ म्हटलं. ओके!

४ फेब्रुवारी
गिरीशला सांगितलं. ‘‘अगं, त्यांना तिथल्या लष्करी सरकारचं पुढचं कॉन्ट्रॅक्ट हवंय. तू एकटी काय करणार?’’ नवरा आहे, माझीच बाजू घेतोय. तरी राग आला त्याचा.

९ फेब्रुवारी
अदुन्नीचा लेगॉसहून फोन. तिथली मशिनं तीच सांभाळते, सरकारी नोकरीत आहे. ओशोडी गाळलेला रिपोर्ट वाचला तिने. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘सुप्रभा, माझी बहीण त्या स्टँडवर पाव विकते. तान्हं मूल दिवसभर पाठीशी बांधलेलं असतं.’’
मी म्हटलं, लाइन खराब आहे, ऐकू येत नाहीये.
सगळं ऐकू येत होतं.

१० फेब्रुवारी
गाडीत पेट्रोल भरलं. अनलेडेड, म्हणजे बिनशिशाचं – हिरव्या नळीचं. आमच्या पोरांसाठी.

१७ फेब्रुवारी
पाठवले! ओशोडीचे सगळे आकडे, लेगॉसच्या एका वर्तमानपत्राला, ऑफिसच्याच फॅक्सवरून. खाली माझं नाव, माझी सही. मग मार्टिनच्या केबिनमध्ये जाऊन सांगून टाकलं. त्याने केबिनचं दार लावलं. मग – ‘‘डेस्क रिकामं कर.’’
घरी आले, वरणभात केला, दोनदा वाढून घेतला. किती दिवसांनी चव लागली! भांडी गिरीशने घासली.
आता अदुन्नीला तोंड दाखवता येईल.

६ मार्च
अदुन्नीच्या नवऱ्याचा फोन. छापून आलंय, पहिल्या पानावर. माझं नाव कुठेच नाही. आकडे तिनेच फोडले असं धरून काल सैनिकांनी तिला घरातून उचलून नेलं. कुठे, ते कोणी सांगत नाही.
पाठवण्याआधी मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं.