द्राक्षांच्या खोलीचं दार

अण्णा, मला द्राक्षं आवडत नाहीत असं आई सगळ्यांना सांगते. ते खरं नाही. मला द्राक्षांचा हेवा वाटायचा. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर लोक हसतील, म्हणून तुम्हाला लिहितेय.

दुबईत रास अल खोरच्या घाऊक बाजारातलं तुमचं कोल्ड स्टोअर मला अजून दिसतं. शाळेला सुट्टी होती, आई तापाने फणफणली होती, म्हणून तुम्ही मला कामावर घेऊन गेलात. मी तिसरीत असेन. बाहेर जूनचं ऊन, चपलेतूनही पाय भाजतायत. आपल्या तासगावची द्राक्षं केव्हाच संपली आहेत आणि आता इजिप्तच्या पेट्या येतायत. तुम्ही आत जाड निळं जॅकेट घालून उभे आहात आणि प्रत्येक घड देठाला धरून उचलताय, मण्यांना बोटसुद्धा न लावता. मी दार ढकलून आत येते आणि तिथेच थांबते, दार पाठीने अडवून. तुम्ही वळता आणि ओरडता, "दार! आधी बाहेर हो! गरम हवा शिरली की मण्यांना घाम फुटतो, कळत नाही?" सगळे हमाल बघत राहतात. माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता, तो तुम्हाला दिसला नाही. थोड्या वेळाने तुमचे शेठ आपल्या मुलीला घेऊन आले. माझ्याच वयाची होती. तिला तुम्ही स्वतःचं जॅकेट घातलंत, आत नेलंत आणि दार लावून घेतलंत. दाराला एक छोटी काच होती. टाचा उंच करून मी बघत होते. तुम्ही तिला घड दाखवत होतात आणि हसत होतात. परतताना बसमध्ये तुम्ही रुमालात बांधलेला एक घड माझ्या मांडीवर ठेवलात. मी तो खाल्ला नाही. घरी आईने खाल्ला, आणि तेव्हापासून मला द्राक्षं आवडत नाहीत असं ठरलं.

तुम्ही गेलात तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आई आणि मी मामाकडे तासगावला परतलो. पुढे मी फिजिक्स घेऊन बीएस्सी आणि मग एमएस्सी केलं, आपल्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. निकाल लागला त्या दिवशी मामा म्हणाला, "हवेतल्या ओलीचा अभ्यास करून पोट भरतं होय गं?" भरतं, अण्णा. मी परत दुबईत आले, बर दुबई भागात एका खोलीत राहते, आणि आमची कंपनी जुन्या वास्तूंमधली हवा मोजते. गेलं वर्षभर माझ्याकडे इजिप्तमधली एक थडग्याची खोली आहे. नाईलच्या पश्चिमेला, डोंगर पोखरून आत केलेली, हजारो वर्षांपूर्वीची. भिंतींवर रंगवलेली माणसं आहेत, आणि छतावर, तुम्हाला पटणार नाही, द्राक्षांचा वेल. काळेनिळे घड छतभर लोंबतायत. तिथल्या दगडात मीठ आहे. माणसं आत शिरली की त्यांच्या श्वासाने आणि घामाने हवा ओली होते, मीठ विरघळतं, माणसं गेली की पुन्हा सुकून फुगतं आणि रंगाची खपली पुढे ढकलतं. म्हणजे आत जाणारा प्रत्येक जण, कितीही प्रेमाने गेला तरी, थोडी भिंत खाऊन येतो.

या हिवाळ्यात आमच्यापैकी काहींना तिथे कामाला जायचं होतं. खोलीत एका वेळी किती माणसं चालतील, हे काढायचं काम माझ्याकडे आलं. तिथली एक इजिप्शियन बाई रंग धरून ठेवण्याचं काम करते, ती आत हवीच. तिच्याबरोबर मी आणि माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी असं जवळजवळ ठरलं होतं. ही मुलगी पुण्याची, पण वाढली अबुधाबीत. आईवडील दोघंही प्राध्यापक. मी पुन्हा पुन्हा हिशेब मांडला आणि दर वेळी उत्तर आलं, दोन. तिघं नाहीत.

"अगं, तीन लिही ना," ती म्हणाली. "थोडं राउंड ऑफ कर. कोण चेक करायला येतंय? दोघी जाऊ, मज्जा करू."

"भिंत चेक करेल," मी म्हटलं.

"यार, तू ना, भिंतीची सासू आहेस!"

मी दोन लिहिलं. तो आकडा खरा आहे, आज विचारलंत तरी मी तोच सांगेन. जी मुलं अजून जन्मली नाहीत, त्यांचाही त्या वेलावर हक्क आहे असं मी खरंच मानते. पण मनात कुठेतरी वाटत होतं की इतकं प्रामाणिक वागल्यावर साहेब मलाच पाठवतील. ते कैरोचे आहेत, मनाने चांगले. मला म्हणाले, "हबीबती, तुझं काम उत्तम आहे. पण तिला अरबी येतं. तू इथून ग्राफ बघ, तुझ्याइतकं नीट कोणी बघत नाही." माझं अरबी यल्ला आणि खलासपाशी संपतं.

ती गेली. पहिल्याच दिवशी तिने छताचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "तुला द्राक्षं आवडतच नाहीत ना? मग काहीच मिस केलं नाहीस!" मी हसरा चेहरा पाठवला. मग तो फोटो मोठा करून एकेक घड बघत बसले. मला तिच्या अरबीचा हेवा वाटतो, तिच्या सैल हसण्याचा वाटतो. पण सगळ्यात जास्त कशाचा, ते सांगते. तिचे बाबा तिला रोज फोन करतात. निघायच्या आदल्या दिवशी ऑफिसात तिचा फोन स्पीकरवर होता, तेव्हा मी ऐकलं. "आत जास्त वेळ थांबू नकोस गं बाळा, धूळ असते." तिच्या बाबांना काळजी भिंतीची नव्हती. तिची होती.

माझं काम आता असं आहे. खोलीतल्या ओलाव्याची रेषा माझ्या स्क्रीनवर दिसते. त्या दोघी आत गेल्या की ती चढायला लागते. मर्यादेची एक लाल रेघ मीच आखली आहे. तिथे पोचली की मी दारावरच्या रखवालदाराला मेसेज करते, तो आत डोकावून "यल्ला, खलास!" म्हणून ओरडतो आणि दोघी बाहेर येतात. दार बंद होतं, रेषा हळूहळू उतरते. मी इथे एसीत बसून तुमचंच काम करते, अण्णा, आणि तरी काचेच्या बाहेरच आहे.

तुम्ही त्या दिवशी मला बाहेर काढलंत ते द्राक्षांसाठीच, हे आता मला नीट समजतं. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. समजून हेवा कमी होत नाही, एवढंच.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर पाठवणार? उद्या आईला फोन करेन तेव्हा तिलाही यातलं काही सांगणार नाही. फक्त एक गोष्ट इथे लिहून ठेवते. काल ती पुण्याची मुलगी आत वेलाखाली उभी होती, रेषा चढत होती, आणि मी मेसेज केला. ती बाहेर आली. मी मेसेज केला तेव्हा लाल रेघ अजून बरीच वर होती.