सर्वानुमते नव्हतं, अक्का

प्रिय शांताक्का,

तुला जाऊन पंधरा दिवस झाले. काल तासगावात आपल्या पक्षाच्या तालुका समितीने तुझी शोकसभा घेतली. चिटणीस मी, त्यामुळे शोकठराव मलाच लिहायचा होता. शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिताना हात अडला. या वेळी ते खरं होतं, तरीही!

घरी येऊन इतिवृत्ताच्या वहीची मागची पानं उलटली. पंचायत समितीच्या तिकिटाची ती सभा सापडली. आयुष्यभर शेडवर बेदाणा निवडलेली तू, आणि कॉलेजात शिकवणारा मी, तुझा ‘मास्तर’. शेडवरच्या बायांपैकीच एकीला उभं करा, जाहीरनाम्यात शेडवरच्या संडासाची मागणी घाला, असं तुझं म्हणणं. मी मात्र दुसऱ्या पक्षातून आलेल्या द्राक्ष व्यापाऱ्याच्या बाजूने.

"अक्का, आपल्याला कधीच न मिळालेली मतं त्याच्यामुळे येतील. आधी जिंकू, मग सगळं करू."

"मग म्हंजे कवा, मास्तरा? माजं गुडघं गेल्यावर?"

सगळे हसले. मीही हसलो.

मग हात वर झाले. विरोधात एकच हात, तुझा. आणि मी लिहिलं, ‘सर्वानुमते मंजूर’. पक्षात फूट दिसू नये म्हणून.

पुढच्या सभेत मी ते वाचून दाखवलं. सभा संपल्यावर बाहेर चपला घालताना तू म्हणालीस, "मी तितं नव्हते व्हय रं?"

"अक्का, लोकांत बरं दिसलं नसतं."

"हारले त्येचं काय न्हाई. पन मी न्हाई म्हनले, ह्ये तरी लिवायचं."

किती साधी मागणी! आणि मी काय म्हणालो? "बघू पुढं."

तरी तू त्याच व्यापाऱ्याची पत्रकं दारोदार वाटलीस, भर उन्हात. तो निवडून आला. तुझ्या वस्तीपर्यंत रस्ता झाला, हेही खरं. संडास अजून नाही. तू रागावून घरी का बसली नाहीस गं? मला सोपं गेलं असतं.

खरं सांगू? तुझी उमेदवार पडली असती, असं मला आजही वाटतं. कदाचित मी चुकत असेन. डायरीत किती वेळा उलटसुलट लिहिलं, उत्तर सापडत नाही. पण तुझा वर गेलेला हात मी वहीत खाली केला, त्याला कुठलं धोरण म्हणू?

जुनं पान खोडणार नाही. ती आणखी एक लबाडी होईल. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करायची वेळ आली, की मी उभा राहीन आणि तिकिटाच्या त्या जुन्या ठरावाला दुरुस्ती मांडीन: ‘विरोधात एक मत, शांताक्का.’

आणि या दुरुस्तीला कुणी विरोध केला, तर त्याचंही नाव लिहीन.

तुझा,
मास्तर